ईपीएबीएक्सला इमारतीची पीए सिस्टीम कशी जोडावी? फोनची वायर थेट अँप्लिफायरला लावली तर चालेल का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: इमारतीत ईपीएबीएक्स (आतले फोन एकमेकांना आणि बाहेरच्या लाइनला जोडणारं एक्स्चेंज) आहे, शिवाय वेगळा पीए (सार्वजनिक घोषणांचा) अँप्लिफायर आणि त्यावर छतातले स्पीकर आहेत. सध्या घोषणा फक्त अँप्लिफायरजवळच्या माइकवरून करता येते. ती कोणत्याही टेबलावरच्या फोनवरून करता यावी, म्हणून एका रिकाम्या एक्स्टेंशनची (आतल्या फोनच्या लाइनची) वायर अँप्लिफायरच्या ऑक्स (बाहेरचं उपकरण जोडण्याच्या) इनपुटला जोडायचा तुमचा विचार आहे.

तशी जोडू नका. एक्स्टेंशनच्या दोन तारांवर रिसीव्हर ठेवलेला असताना साधारण ४८ व्होल्ट डीसी असतो, काही छोट्या ईपीएबीएक्समध्ये २४ च्या आसपास. रिंग येते तेव्हा त्याच तारांवर ७५ ते ९० व्होल्टचा एसी चढतो. ऑक्स इनपुट एका व्होल्टच्या आतल्या सिग्नलसाठी बनवलेला असतो, त्यामुळे पहिल्याच रिंगला तो जळू शकतो. समजा तो टिकला. तरी फोनच्या दोन्ही तारा अर्थपासून सारख्या अलग ठेवलेल्या असतात आणि ऑक्स इनपुटची एक बाजू अर्थला टेकलेली असते. तो समतोल बिघडला की स्पीकरमधून सतत गुणगुण ऐकू येते. आणि एवढं सगळं निभावलं तरी रिंग वाजल्यावर फोन उचलणार कोण? अँप्लिफायरला ते करता येत नाही.

फोन आणि पीए यांच्या जोडणीत तीन कामं असतात: कॉल घेणं, आवाज नेणं आणि बोलणाऱ्याने रिसीव्हर ठेवला की सगळं बंद करणं. लोक सगळा विचार दुसऱ्या कामाचा करतात, कारण ते डोळ्यांना दिसतं. खरा त्रास मात्र तिसऱ्या कामात आहे. मी जोडणी ठरवतो ती एकाच प्रश्नावरून: फोन ठेवला हे पीएला कसं कळणार? आवाज तर कुठल्याही मार्गाने जातो.

आधी तुमच्या ईपीएबीएक्सवर काय काय रिकामं आहे ते पाहा. मॅन्युअल उघडा आणि पेजिंगसाठी, म्हणजे फोनवरून स्पीकरवर घोषणा करण्यासाठी, वेगळा पोर्ट दिलाय का ते शोधा. असला तर तुमचं काम जवळजवळ झालंच. असा पोर्ट ट्रान्सफॉर्मरमधून अलग केलेला, ६०० ओहमचा आवाज बाहेर देतो, आणि सोबत बहुतेक वेळा रिलेचा (विजेने चालणाऱ्या स्विचचा) एक कोरा कॉन्टॅक्ट असतो, म्हणजे ज्यावर स्वतःचं व्होल्टेज नाही असा. कोणी पेजिंगचा कोड फिरवला की कॉन्टॅक्ट जुळतो, रिसीव्हर ठेवला की सुटतो. तो अँप्लिफायरच्या प्रायॉरिटी किंवा म्यूट टर्मिनलला लावला की घोषणेपुरतं पार्श्वसंगीत दबतं. कॉल जोडणारी आणि तोडणारी ईपीएबीएक्स स्वतःच असल्याने तिसऱ्या कामाचा प्रश्नच उरत नाही.

असा पोर्ट नसेल तर मध्ये पेजिंग अडॅप्टर हवा. तो दोन प्रकारे जोडता येतो, आणि इथली निवड मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

पहिला प्रकार एक्स्टेंशन पोर्टवर. अडॅप्टर साध्या फोनसारखा वागतो: रिंग आली की स्वतः उचलतो, आवाज अँप्लिफायरकडे पाठवतो, रिले चालू करतो. कुठलाही रिकामा एक्स्टेंशन नंबर पुरतो, म्हणून लोक हाच मार्ग घेतात. पण बोलणाऱ्याने रिसीव्हर ठेवल्यावर या पोर्टवर नेमकं काय होतं? चांगल्या ईपीएबीएक्स त्या क्षणी लाइनचा करंट थोडा वेळ तोडतात किंवा पोलॅरिटी उलटवतात, आणि अडॅप्टर त्यावरून कॉल सोडतो. पुष्कळ छोट्या ईपीएबीएक्स यातलं काहीच करत नाहीत. त्या फक्त बिझी टोन किंवा डायल टोन देतात, आणि तो टोन सरळ तुमच्या छतातून सगळ्यांना ऐकू येतो. यावर उपाय आहेत. काही अडॅप्टर टोन ओळखून कॉल सोडतात, काही ठरावीक काळ शांतता राहिली की सोडतात. पण टोन ओळखायला दोन-तीन सेकंद जातात, तोवर तो वाजतोच. शांततेवर विसंबलात तर टोन म्हणजे शांतता नव्हे, हे लक्षात घ्या. म्हणून अडॅप्टर विकत घेण्यापूर्वी त्या एक्स्टेंशनवर साधा फोन लावा, दुसऱ्या फोनवरून कॉल करा, आधी दुसरा फोन ठेवा आणि पहिल्यावर काय ऐकू येतं ते ऐका. मीटर असेल तर फोन उचललेला असताना तारांवरचं व्होल्टेज पाहत राहा. ते क्षणभर शून्यावर आलं किंवा त्याचं चिन्ह उलटलं तर ही जोडणी नीट चालेल.

दुसरा प्रकार ट्रंक पोर्टवर, म्हणजे जिथे बाहेरची टेलिफोन लाइन येते तिथे. इथे भूमिका उलटते. अडॅप्टर स्वतः एक्स्चेंजसारखा लाइनला व्होल्टेज पुरवतो आणि ईपीएबीएक्सला वाटतं की ही बाहेरची लाइन आहे. कोणी ती लाइन घेण्याचा कोड फिरवला की करंट वाहू लागतो आणि अडॅप्टर चालू होतो. रिसीव्हर ठेवला की ईपीएबीएक्स लाइन सोडते, करंट थांबतो, अडॅप्टर त्याच क्षणी बंद. टोन नाही, वाट पाहणं नाही. ट्रंक पोर्ट रिकामा असेल तर मी डोळे झाकून हाच मार्ग निवडतो.

मात्र दोन सेटिंग बघावी लागतात. ही लाइन बाहेर फोन करण्याच्या नेहमीच्या गटातून काढून तिला वेगळा कोड द्या. नाहीतर कोणी बाहेरचा नंबर लावायला जाईल आणि नंबराचे टोन साऱ्या इमारतीत वाजतील. दुसरं असं की काही ईपीएबीएक्स डायल टोन ऐकल्याशिवाय लाइन पुढे जोडत नाहीत. अशा वेळी एकतर ती तपासणी बंद करा, नाहीतर डायल टोन देणारा अडॅप्टर घ्या.

कुठला पोर्ट कोणता याची खात्री नसेल तर मीटर लावा. काहीही न जोडता एक्स्टेंशन पोर्टवर डीसी व्होल्टेज दिसतं, ट्रंक पोर्टवर दिसत नाही. व्होल्टेज देणाऱ्या पोर्टला व्होल्टेज देणारा अडॅप्टर कधीही जोडू नका.

ईपीएबीएक्स आयपीवरची, म्हणजे संगणकाच्या नेटवर्कवर चालणारी असेल, तर एसआयपी (नेटवर्कवरून कॉल जोडण्या-तोडण्याची पद्धत) वापरणारा पेजिंग अडॅप्टर घ्या. तो एक्स्टेंशन म्हणून नोंदला जातो, कॉल आपोआप घेतो, आणि फोन ठेवल्याचा निरोप त्याला नेटवर्कवरून स्पष्ट संदेश म्हणून मिळतो, त्यामुळे तिसरं काम इथे सोपं आहे. तरी तो संदेश वाटेत हरवू शकतो. आवाजाची पॅकेट यायची थांबली की काही सेकंदांत कॉल सोडण्याची सोय अडॅप्टरमध्ये असते, ती चालू ठेवा. ती चालू असेल तर फोनमधलं सायलेन्स सप्रेशन (शांततेत पॅकेट न पाठवण्याची सोय) बंद करा. नाहीतर बोलणारा श्वास घ्यायला जरा थांबला तरी कॉल तुटेल.

अनेक आयपी फोन आणि आयपी स्पीकर यांवर एकदम घोषणा करायची तर मल्टिकास्ट (एकच प्रवाह अनेक उपकरणांना एकदम पाठवणं) वापरतात. स्विचवर आयजीएमपी स्नूपिंग (हा प्रवाह कोणाला हवा ते ओळखून फक्त तिकडेच पाठवणं) चालू असेल तर नेटवर्कमध्ये कुठेतरी क्वेरिअर, म्हणजे ‘अजून हवा का’ असं वारंवार विचारणारं उपकरण, हवं. क्वेरिअर नसेल तर घोषणा सुरुवातीला नीट चालतात आणि काही मिनिटांनी गप्प होतात, आणि बिघाड शोधणारा भलत्याच जागी शोधत बसतो. वायफायवर मल्टिकास्ट पेजिंगचा भरवसा धरू नका. तिथे हरवलेलं पॅकेट पुन्हा पाठवलं जात नाही. एकाच दालनात जुने ॲनालॉग स्पीकर आणि नवे आयपी स्पीकर मिसळत असाल तर त्यांच्या वेळेतला फरक मोजा. ५० मिलिसेकंदांत आवाज हवेतून सुमारे १७ मीटर जातो, आणि एवढ्या फरकाला शब्द दोनदा ऐकू येऊ लागतात.

आता आवाज. अडॅप्टरचा ६०० ओहमचा आउटपुट साधारणपणे लाइन पातळीचा असतो. ६०० ओहमवर ० डीबीएम म्हणजे ०.७७५ व्होल्ट. माइक इनपुटला काही मिलिव्होल्टच पुरतात, म्हणून तिथे हा आउटपुट तसाच लावला तर आवाज फाटेल. लाइन, ऑक्स किंवा ‘टेल’ असं लिहिलेला इनपुट वापरा. फक्त माइक इनपुटच शिल्लक असेल तर मध्ये ४० डेसिबलचा पॅड लावा, म्हणजे व्होल्टेज शंभर पटीने कमी होईल, आणि त्या इनपुटवरची फँटम पॉवर (माइकसाठी दिलेलं व्होल्टेज) बंद करा. अडॅप्टर ते अँप्लिफायर शील्ड असलेली, पीळ घातलेली जोडी न्या आणि शील्ड एकाच टोकाला अर्थ करा. ही वायर विजेच्या वायरपासून आणि १०० व्होल्टच्या स्पीकर लाइनपासून दूर ठेवा. तरीही गुणगुण राहिली तर एकास एक आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा. बहुतेकदा ती तिथेच संपते.

आवाजाची पातळी लावताना शिट्टी वाजवून किंवा ‘हॅलो हॅलो’ म्हणून पाहू नका. वेगवेगळ्या फोनवरून नेहमीच्या आवाजात खरी घोषणा वाचायला सांगा. साध्या फोनवरून ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जातो, आणि ‘स’, ‘श’, ‘फ’ यांची ओळख पटवणारा बराच भाग त्याच्या वर असतो. म्हणूनच पीएवर ‘साठ’चा ‘आठ’ ऐकू येतो. बास वाढवून यात काहीच सुधारणार नाही, उलट शब्द घोगरे होतील. ३०० हर्ट्झच्या खालचा भाग कापा आणि २ ते ३ किलोहर्ट्झचा भाग किंचित उचला. आयपी मार्गावर फोन, ईपीएबीएक्स आणि अडॅप्टर तिघांनाही जी.७२२ कोडेक (आवाज डिजिटल करण्याची एक पद्धत) येत असेल तर तोच वापरा. त्याने ७ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज जातो आणि फरक लगेच जाणवतो. घोषणा आजूबाजूच्या गोंगाटापेक्षा साधारण १० डेसिबल वर ऐकू आली की पुरे. त्याहून मोठ्याने ओरडणारी पीए लोकांना नकोशी होते.

फोन ज्या खोलीत आहे तिथेच स्पीकर असेल तर किंचाळी उठेल. आवाज स्पीकरमधून फोनच्या माइकमध्ये शिरतो आणि फिरत राहतो. त्या खोलीपुरता स्पीकर रिलेने तोडता येतो किंवा तिचा झोन वगळता येतो. मला याहून आवडतो तो आधी रेकॉर्ड करून मग वाजवणारा अडॅप्टर. तुम्ही बोलता, फोन ठेवता, आणि त्यानंतर घोषणा वाजते. बोलताना स्पीकर बंदच असल्याने किंचाळी उठूच शकत नाही. पण क्षणाचाही उशीर चालणार नाही अशा सूचनेसाठी थेट बोलण्याचा मार्ग वेगळा ठेवा.

बाहेरून येणारा कॉल पेजिंगच्या नंबरापर्यंत पोचता कामा नये, याकडे फार कमी लोक लक्ष देतात. ऑटो अटेंडंटवर (कॉल आपोआप घेऊन एक्स्टेंशन नंबर दाबायला सांगणाऱ्या सोयीवर) कोणीही अनोळखी माणूस नंबर दाबून पाहू शकतो, किंवा ऑपरेटरला ‘अमुक एक्स्टेंशन द्या’ म्हणू शकतो. क्लास ऑफ सर्व्हिसमध्ये (कोणत्या एक्स्टेंशनला काय करता येईल हे ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये) पेजिंगचा हक्क मोजक्याच एक्स्टेंशनना द्या आणि ट्रंकवरून आलेला कॉल तिकडे ट्रान्सफर होणार नाही असं बंधन घाला. पेजिंगच्या नंबरावर कॉल वेटिंग, फॉरवर्डिंग आणि हंट ग्रुप (एक फोन व्यस्त असेल तर कॉल दुसऱ्याकडे नेणारा गट) काहीही नको.

एक गोष्ट मात्र माझ्या सांगण्यावरून करू नका. हेच स्पीकर आगीच्या सूचनेसाठीही वापरले जात असतील, म्हणजे तुमची सिस्टीम ईएन ५४-१६ किंवा एनएफपीए ७२ सारख्या मानकाखाली मान्य झालेली असेल, तर तिच्या वायरिंगला हात लावू नका. अशा सिस्टीमवर साध्या घोषणांसाठी कमी प्राधान्याचा वेगळा इनपुट असतो. फोन फक्त तिथेच येऊ द्या, आणि तोही ती सिस्टीम सांभाळणाऱ्या माणसाच्या हातून. आगीची सूचना सुरू झाली की फोनवरची घोषणा मध्येच तुटायलाच हवी. ती तुटते का हे प्रत्यक्ष चालवून बघायला सांगा.

जोडून झाल्यावर घोषणा नीट संपते का याची तपासणी करा. घोषणा करून फोन हळूच ठेवा, मग आपटून ठेवा. घोषणा चालू असताना फ्लॅश (होल्ड-ट्रान्सफरसाठीचं बटण) दाबा, कॉल होल्डवर टाका, ट्रान्सफर करा. होल्डवर टाकल्यावर ईपीएबीएक्सचं संगीत साऱ्या इमारतीत वाजू लागलं तर त्या नंबरासाठी होल्डचं संगीत बंद करा. फोन टेबलावर उघडा ठेवून निघून जा आणि पाहा, स्पीकर किती वेळ चालू राहतात. अडॅप्टरमध्ये कमाल वेळेची मर्यादा असते, ती ६० ते ९० सेकंदांवर ठेवा. बहुतेक घोषणा त्याच्या आत संपतात.

ईपीएबीएक्सचं मॉडेल, तिच्यावर कुठले पोर्ट रिकामे आहेत आणि अँप्लिफायरच्या मागच्या बाजूला काय काय लिहिलंय एवढं इथे लिहिलंत, तर नेमका कोणत्या प्रकारचा अडॅप्टर घ्यायचा ते सांगतो.