‘साहित्य समीक्षा’ की ‘साहित्याचा आढावा’?

प्रश्न असा आला आहे : “एम.एड.च्या लघुप्रबंधात दुसऱ्या प्रकरणाला मी ‘साहित्य समीक्षा’ असं नाव दिलं होतं. मार्गदर्शक बाईंनी ते खोडून ‘संबंधित साहित्याचा आढावा’ केलं. हिंदी पुस्तकात तर मी ‘समीक्षा’च वाचलं आहे. बरोबर काय? आणि प्रकरणाच्या शेवटी ‘संशोधनातील अंतर’ लिहिलं तर चालेल का?”

बाईंनी खोडलं ते बरंच केलं. या प्रकरणात आपल्या विषयावर आधी झालेल्या संशोधनाची दखल घ्यायची असते. हिंदीत समीक्षा हा ऐसपैस शब्द आहे. तिकडे मंत्री ‘समीक्षा बैठक’ घेतात, आपल्याकडे तीच ‘आढावा बैठक’ होते. मराठीत समीक्षा बव्हंशी कवितेची, कादंबरीची, नाटकाची. ‘साहित्य समीक्षा’ वाचून मराठी माणसाला वाटणार की पुढे कुणाच्या तरी कथांची चिरफाड आहे, आणि निघणार आठवीच्या मुलांच्या गणितातल्या चुकांवरचे अभ्यास.

‘साहित्य’ हा शब्दही दुटप्पी आहे. पाककृतीत वर ‘साहित्य’ आणि खाली ‘कृती’ असते, तिथे ते दोन वाट्या बेसन असतं. मुळात ‘सहित’वरून आलेला शब्द. शब्द आणि अर्थ एकत्र आले की काव्य, असं संस्कृत काव्यशास्त्रकार भामहाने म्हटलंय. बेसन आणि तूप एकत्र आणून ठेवलं तर लाडवांचं साहित्य. तुमच्या शीर्षकात ‘संबंधित’ आहे म्हणून निभावतं. पण तुमची मैत्रीण ग्रामीण कादंबरीवर प्रबंध लिहीत असेल, तर ‘साहित्याचा आढावा’ म्हणजे कादंबऱ्यांचा, की कादंबऱ्यांवर लोकांनी जे लिहिलं त्याचा? तिने सरळ ‘पूर्वसंशोधनाचा आढावा’ लिहावं. माझं मत विचाराल तर तुम्हीही तेच लिहा.

काही जण ‘पुनरावलोकन’ सुचवतात. आधी एकदा तरी पाहिलेलं असेल, तर पुन्हा पाहणार ना! ‘सिंहावलोकन’ त्याहून नको. सिंह मागे वळून पाहतो तो स्वतः चालून आलेल्या वाटेकडे. संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी अंकात ते शोभतं.

राहिला आढावा. हा हिशेबातला शब्द. जमाखर्चाचा आढावा काढायचा, किती आलं, किती गेलं, शिल्लक काय ते पाहायचं. (प्रबंधातला ‘गोषवारा’सुद्धा असाच जुन्या दफ्तरातून आलेला, फारसी शब्द.) घोटाळा असा की विद्यार्थी जमा मांडतात आणि शिल्लक काढतच नाहीत. मी फावल्या वेळात प्रबंधांची मुद्रितं तपासते. दुसरं प्रकरण बहुधा असं असतं : “अमुक (२०११) यांनी अभ्यास केला. नमुना १२० विद्यार्थी. निष्कर्ष : फरक आढळला. तमुक (२०१४) यांनी अभ्यास केला. नमुना…” असे पंचवीस परिच्छेद. अमुकचं आणि तमुकचं पटतं की नाही, याची कुणाला फिकीर नाही. ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या संकेतस्थळावर आता घरबसल्या प्रबंध वाचता येतात, त्यामुळे जमेची बाजू फुगते एवढंच.

म्हणून मला इथे आणखी एक शब्द आठवतो, तो म्हणजे मागोवा. माग म्हणजे पावलांच्या खुणा. चोराचा माग काढतात, जनावराचा काढतात. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात ज्ञानदेव स्वतःच्या ग्रंथाबद्दल म्हणतात : “तैसा व्यासाचा मागोवा घेतु । भाष्यकारांतें वाट पुसतु ।” मूळ ग्रंथकाराच्या पावलावर पाऊल, आणि आधी ज्यांनी भाष्य केलं त्यांना वाट विचारायची. दुसऱ्या प्रकरणात करायचं काम याहून नेमकं मी तरी कुठे वाचलेलं नाही. माग काढणारा प्रत्येक ठशाशी थांबून त्याची लांबी-रुंदी लिहीत बसत नाही; पावलं कुठे वळली, कुठे दोन वाटा फुटल्या, कुठे खूण पुसली, ते बघतो. तेच वरच्या उदाहरणात केलं तर : “अमुक (२०११) यांना मुला-मुलींत फरक आढळला, तमुक (२०१४) यांना नाही, पण पहिला नमुना शहरी शाळांचा होता, दुसरा आश्रमशाळांचा.” एवढ्यात वाचकाला पुढचा प्रश्न दिसतो.

शीर्षकात मात्र ‘मागोवा’ घालू नका. आराखड्यात ‘आढावा’ छापलेला असतो आणि परीक्षक तोच शोधतात. उगाच त्यावरून वाद कशाला?

आता ‘संशोधनातील अंतर’, म्हणजे इंग्रजी ‘रिसर्च गॅप’चं शब्दशः भाषांतर. ते चालणार नाही. अंतर दोन गावांत असतं, नाही तर दोन मित्रांत पडतं. इथे ‘उणीव’ लिहा. तोही शब्द आधीच्या संशोधकांना बोल लावल्यासारखा वाटत असेल, तर “यापुढील प्रश्न अभ्यासायचे राहिले आहेत” असं साधं वाक्य लिहा आणि ते प्रश्न खाली मांडा.