खाट ओट्यावर काढा

ताई, तुम्ही लिहिलंय की पारोळ्याला घराच्या जिन्यावरून पडून घोट्याचं हाड मोडलं, गुडघ्यापर्यंत प्लास्टर आहे आणि तिसरा आठवडा चाललाय. 'हसत राहा, सगळं चांगलंच होतं' म्हणणाऱ्यांचा राग येतो, असंही लिहिलंय. तरीही शेवटी विचारलंय, या दिवसांत कुणाला खरंच हसू आलं का, आणि काही पदरात पडलं का? मला हसू आलं आणि पदरातही पडलं, म्हणून सविस्तर लिहितो. थोडं लांबेल.

आधी तिसऱ्या आठवड्याबद्दल. हा सगळ्यात वाईट. पहिल्या आठवड्यात दुखणं असतं, माणसं असतात, धावपळ असते. तिसऱ्या आठवड्यात दुखणं कमी होतं, माणसं आपापल्या कामाला लागतात आणि आपण छताकडे बघत पडतो. आत हाडाचं काम मात्र जोरात चालू असतं. मोडलेल्या जागी आधी रक्त साकळतं, मग दोन-तीन आठवड्यांत मऊ सांधा धरतो, आणि तो कडक व्हायला पुढे कित्येक आठवडे जातात. हे मला फिजिओथेरपीच्या ताईंनी कागदावर काढून दाखवलं, तेव्हा पडून राहण्याला काही अर्थ आहे असं पहिल्यांदा वाटलं.

माझं गाव चोपडा तालुक्यात. केळीची शेती आहे. 21 एप्रिल 2022ला ठिबकचा फिल्टर धुतला आणि विहिरीजवळच्या ओल्या दगडावरून घसरलो. उजवा घोटा दोन ठिकाणी मोडला. जळगावला ऑपरेशन झालं, प्लेट आणि स्क्रू बसले, सहा आठवडे पाय जमिनीला टेकवायचा नाही असं सांगितलं. मृगबाग, म्हणजे आदल्या पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली केळी, कापणीला आली होती, बाहेर 43-44 अंशांचं ऊन, आणि मी मधल्या खोलीत खाटेवर. त्या खोलीला एकच खिडकी, तीही शेजारच्या भिंतीकडे उघडणारी.

चौथ्या दिवशी माय दारात येऊन उभी राहिली. बराच वेळ काही बोलली नाही. मग आबांना म्हणाली, "खाट बाहेर काढा. त्या खोलीना अंधार माले माहीत शे."

ताई, हे वाक्य मला अजून ऐकू येतं. माझ्या पडण्याच्या सहा वर्षांआधी मायचं कंबरेचं हाड मोडलं होतं, आणि ती त्याच खोलीत अडीच महिने होती. औषध, डॉक्टर, दूध, कशात मी कमी केलं नव्हतं. रोज सकाळी शेतात जाताना दारातून विचारायचो, "बरं आहे ना माय?" ती "हो" म्हणायची. त्या अडीच महिन्यांत मी तिच्या खाटेवर किती वेळा बसलो, हे आठवायला गेलो तेव्हा बोटांवर मोजता येतील एवढेच प्रसंग सापडले. त्या दिवशी मी पायाच्या दुखण्यानं रडलो नाही, यासाठी रडलो. नंतर मायशी बोललोही. ती म्हणाली, तुला कामं होती. पण तिनं माझी खाट बाहेर काढली, माझ्यासारखं दारातून विचारून ती निघून गेली नाही.

तर माझा सल्ला एवढाच, खाट ओट्यावर काढा. पुढे जे जे झालं ते त्या ओट्यावर झालं. आतल्या खोलीत त्यातलं काहीच होणार नव्हतं.

बाईमाणसानं ओट्यावर खाट टाकून पडणं आपल्याकडे सोपं नाही, हे मी जाणतो. मागची पडवी असेल, अंगणाकडची खिडकी असेल, स्वयंपाकघराला लागून जागा असेल, तिथे टाका. जिथून घर चालताना दिसतं आणि येणाराजाणारा थांबू शकतो, अशी कुठलीही जागा चालेल.

ओट्यावर आलो त्याच संध्याकाळी गल्लीतले एक बाबा काठी टेकत आले. ऐंशीच्या आसपास वय. प्लास्टर बघितलं आणि धोतर गुडघ्याच्या वर घेतलं. 1972च्या दुष्काळात रोजगाराच्या कामावर दगड पायावर आला होता, वैदूनं बांबूच्या चिपा बांधून हाड बसवलं होतं. नडगी मधोमध किंचित वाकलेली, तिथे बोट फिरवून त्यांनी जागा दाखवली. तेवढ्यात शेजारचे नाना आले. त्यांनी पायजमा वर केला, बैलानं मारल्याची खूण होती. मग किराणावाले आले, त्यांचं मनगट. दूधवाला दूध घालायला थांबला, त्यानं बरणी खाली ठेवून खांद्यावरचा सदरा सरकवला. अर्ध्या तासात ओट्यावर पाच माणसं, कुणाचा पाय उघडा, कुणाचा हात, आणि प्रत्येकाचं म्हणणं की खरं मोडणं म्हणजे माझं. बाबा दूधवाल्याला म्हणाले, खांद्याचं काय घेऊन बसलास, खांद्यावर चालावं लागतं का? आमची ही चहा घेऊन बाहेर आली, समोरचा प्रकार बघितला आणि कपबशा घेऊन तशीच आत पळाली. आत तिला हसू आवरेना, इकडे आम्हालाही आवरेना. ऑपरेशननंतर मी पहिल्यांदा पोट दुखेपर्यंत हसलो ते त्या संध्याकाळी.

त्यात मला काय मिळालं सांगतो. त्या बाबांचं लंगडणं मी लहानपणापासून बघत आलो होतो. ते का लंगडतात, हे एकदाही विचारलं नव्हतं. माझा पाय मोडला नसता तर 72 साली त्यांनी वाकड्या पायानं पुन्हा त्याच कामावर जाऊन घर कसं जगवलं, ते मला कधीच कळलं नसतं.

राग येण्याबद्दल तुम्ही लिहिलंत, तो मलाही यायचा. पण कुणाचा येतो आणि कुणाचा येत नाही हे बघत गेलो. जो खाटेवर येऊन बसला, त्याच्या हसण्यानं कधी लागलं नाही. जो फाटकातून डोकावून गंमत करून गेला, त्याचं लागलं. त्यामुळे 'हसा' म्हणणाऱ्यांचा तुम्हाला राग येतो त्यात तुमचं काही चुकत नाही. त्यांना खुर्ची द्या. बसले तर बसले.

भेटायला येणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न विचारतो, "कसा पडना भो?" पन्नास वेळा तेच सांगून जीव विटतो. आठ वर्षांचा माझा पुतण्या पायथ्याशी बसलेला असायचा. एरवी पाहुणे आले की आईच्या पदरामागे लपणारं पोरगं. एकदा माझ्याऐवजी त्यानंच सांगितलं, विहिरीवर घसरले. दुसऱ्या दिवशी त्यात साप आला. तिसऱ्या दिवशी मोटार बंद पडून अंधार झाला. आमचा तालुका सातपुड्याच्या पायथ्याचा, बिबट्या दिसल्याच्या बातम्या अधूनमधून असतातच, त्यामुळे आठवड्याभरात केळीतून बिबट्या निघाला. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी अमळनेरहून एक लांबचे मामा आले, त्यांनी पायाआधी माझी पाठ बघायला मागितली, नखं कुठे लागली म्हणून. त्यांना गावाच्या फाट्यावरच कुणीतरी सांगितलं होतं. पोरगं बाजूला उभं, गंभीर चेहऱ्यानं. मामांना खरं सांगितलं तेव्हा ते त्या पोराला जवळ घेऊन म्हणाले, मला बिबट्याचीच सांग. त्यानं सगळी सांगितली, उभं राहून, हातवारे करून. त्या वर्षी शाळेच्या स्नेहसंमेलनात तो पहिल्यांदा स्टेजवर गेला.

आखाजीला दोन्ही बहिणी माहेरी आल्या. ओट्यासमोरच्या कडुनिंबाला झोका बांधतात. दर वर्षी आखाजीच्या दिवशी मी दुपारी पत्त्यांच्या डावाला किंवा शेतात, बहिणींशी जेवणापुरती गाठ. या वेळी हलता येत नव्हतं. खापरावरचे मांडे आणि आमरस खाऊन त्या माझ्या खाटेच्या दोन्ही बाजूंना बसल्या आणि संध्याकाळपर्यंत बोलत राहिल्या. धाकटीच्या घरी दोन वर्षं काय चाललं होतं ते मला त्या दुपारी कळलं. ती तक्रार म्हणून सांगत नव्हती, मोठीला सांगता सांगता मी ऐकलं. त्यावर पुढे आम्ही भावंडांनी जे करायचं ते केलं.

आता शेत. कापणीच्या टोळीचे मुकादम भाव विचारायला आले आणि मला कुबड्यांवर उभं बघून थांबले. म्हणाले, "भाऊ, हाऊ घड भारी शे, याले दोन टेकू लागतीन." सगळी टोळी हसली, मीही हसलो. केळीच्या झाडाला लाकूड नसतं, एकावर एक गुंडाळलेल्या पानांच्या देठांचं ते खोड. वीस-पंचवीस किलोचा घड लागला की झाड कलतं, मग बांबूचा टेकू द्यावा लागतो. पण मुकादम नुसते गंमत करून गेले नाहीत. जवळ येऊन म्हणाले, टेकू गळ्याशी लावायचा, घडाला घासू द्यायचा नाही, तुझा टेकू काखेत घुसलाय. खरंच माझ्या कुबड्या उंच होत्या आणि दोन दिवस हाताला मुंग्या येत होत्या. फिजिओथेरपीच्या ताईंनी पुढच्या भेटीत तेच सांगितलं. कुबडीचं वरचं टोक काखेच्या दोन-तीन बोटं खाली हवं, भार तळहातांवर घ्यायचा, काखेवर टाकला तर नस दबते. तुमच्या कुबड्या आजच बघून घ्या. जिन्यावर परवानगी मिळाली की चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आणि कुबड्या आधी. सुरुवातीला कुणीतरी खालच्या बाजूला उभं हवं.

बागेतला माल विकायची वेळ आली तेव्हा मी खाटेवर आणि आमची ही बांधावर. वीस वर्षं ती शेतात राबत होती, पण व्यापाऱ्याशी बोलणं, काटा, हिशेब हे सगळं मी करायचो. तिला कधी कुणी विचारलंच नव्हतं, मीही नाही. तिनं पोराची जुनी वही घेतली, तीन व्यापाऱ्यांना फोन केले, प्रत्येक गाडीच्या काट्यापाशी स्वतः उभी राहिली. दुसऱ्या गाडीला आकड्यात दोन क्विंटलचा फरक तिनं पकडला. ठिबकचंही तसंच. मोठ्या झाडाला मे महिन्यात दिवसाला वीसेक लिटर पाणी लागतं, मी ते एकदम सोडायचो. तिनं सकाळ-संध्याकाळ वाटून दिलं, कारण दुपारी कडेच्या ओळी माना टाकतात हे तिला रोज दिसत होतं. आज वही तिच्याकडेच आहे. माझा पाय मोडला म्हणून तिच्या हातात हिशेब आला, ही गोष्ट मला आनंदाची वाटते तशीच मनाला टोचतेही.

म्हणून कुणी मला 'जे झालं ते बऱ्यासाठी झालं' म्हटलं की मी मान डोलवत नाही. कर्ज झालं. रात्री झोप लागत नव्हती. जूनच्या वादळात बांधावरची दीडशे झाडं पडली आणि मी खाटेवरून फक्त वारा ऐकला. पाय मोडणं वाईटच. त्या दिवसांत जे मिळालं ते माणसांनी दिलं.

थोडं कामाचं. प्लास्टरखाली या उन्हात खाज सुटते. काडी, सुई, पट्टी काहीही आत घालू नका, कातडी सोलवटली तर आत पू होतो. प्लास्टरवर बाहेरून टिचक्या मारा, नाहीतर हेअर ड्रायरची थंड हवा सोडा. पाय उशांवर छातीच्या वर ठेवा, सूज उतरते. लोक हाड जुळायला म्हणून कांडवेल आणतील, डिंकाचे लाडू आणतील. आणणाऱ्याचा मान ठेवा, पण पोटात घ्यायची कुठलीही मुळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. डाळी, दूध, अंडी, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी भरपूर खा, हाडाला प्रथिनं लागतात. घरात कुणी तंबाखू-बिडी घेत असेल तर तुमच्या खोलीत नको. बोटं निळी पडली, बधिर झाली, पोटरी अचानक सुजून दुखू लागली, ताप आला किंवा दम लागला तर थांबू नका, त्याच वेळी दवाखान्यात जा.

आणि रडू येतं असं लिहिलंत. दोन आठवडे रोज येत असेल, झोप-जेवण उडालं असेल, तर हाडाच्या डॉक्टरांनाच सांगा, ते पुढे पाठवतील. 14416 हा सरकारचा टेली मानसचा नंबर आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

4 जूनला डॉक्टरांनी थोडा भार टाकायला सांगितलं, जुलैच्या मध्यावर मी काठीशिवाय अंगणात चाललो. माझी खाट आत गेली, पण ओट्यावर दुसरी आली. संध्याकाळी पाच वाजता माय त्यावर बसते. मी शेतातून आलो की हातपाय धुवायच्या आधी तिच्याजवळ टेकतो. कधी ती बोलते, कधी आम्ही दोघं रस्ता बघत बसतो.

तुमच्या खोलीची खिडकी कुठल्या बाजूला उघडते आणि घरात दिवसभर कोण असतं, ते लिहा. खाट कुठे हलवता येईल ते बघू.