पुरळ नसलेली खाज यकृतामुळे असू शकते का?

रात्री तळहातांना खाज सुटते पण पुरळ नाही, हे यकृताचे लक्षण असू शकते का, आणि चेहऱ्यावरील काळ्या डागांचाही त्याच्याशी संबंध असतो का, असे आपण विचारले आहे. पहिल्या भागाचे उत्तर ‘होय’ असे आहे, आणि ते मला चौदा महिने खाजवल्यावर मिळाले.

माझी खाज तळपायांपासून सुरू झाली. दिवसा ती सुसह्य असे. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की तळवे आतून कुरतडल्यासारखे होत आणि मी उठून थंड फरशीवर पाय टेकून बसत असे. अंगावर पुरळ नव्हते, गांधी नव्हत्या. होते ते माझ्याच नखांचे ओरखडे, आणि पाठीच्या मध्यभागी, जिथे हात पोहोचत नाही, तिथे तेही नव्हते. ती कोरी जागा कोणी नीट पाहिली असती, तर दोष त्वचेत नाही अशी शंका तेव्हाच आली असती. एका डॉक्टरांनी कोरडी त्वचा म्हटले, दुसऱ्यांनी खरूज ठरवून घरातल्या सर्वांना मलम लावायला लावले. ॲलर्जीच्या गोळ्यांनी झोप येई, खाज जात नसे. दादा, म्हणजे माझे थोरले भाऊ, यांचे निदान एकच होते: ‘हे तुझ्या मनाचे खेळ आहेत.’

अखेर एका डॉक्टरांनी रक्त तपासायला लावले. बिलिरुबिन, म्हणजे काविळीत वाढणारे पिवळे रंगद्रव्य, सामान्य होते, पण पित्ताचा प्रवाह अडला की रक्तात वाढणारे अल्कलाइन फॉस्फेटेज हे विकर कमाल मर्यादेच्या तिपटीहून अधिक होते. बिलिरुबिन साधारण अडीच ते तीन मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर झाल्याखेरीज डोळे पिवळे दिसत नाहीत. पित्ताचा प्रवाह अडल्यामुळे येणारी खाज मात्र त्याच्या कितीतरी आधी सुरू होऊ शकते. म्हणून ‘कावीळ नाही, म्हणजे यकृत ठीक’ हा हिशेब चुकीचा आहे. माझ्या बाबतीत शरीराचीच प्रतिकारशक्ती यकृतातील सूक्ष्म पित्तनलिकांवर उलटली होती. या आजाराला आता ‘प्रायमरी बिलियरी कोलँजायटिस’ म्हणतात; पूर्वी नावात ‘कोलँजायटिस’च्या जागी ‘सिरॉसिस’ (यकृतात व्रण पडून ते कठीण होणे, ज्याचा दोष लोक सहसा दारूला देतात) हा शब्द होता, तो २०१५ साली बदलला गेला. माझे निदान त्याआधीचे, त्यामुळे अहवालात तो होताच, आणि तो वाचून दादांनी मी चोरून पिते का, असे सर्वांदेखत विचारले. हा आजार बहुतांशी मध्यमवयीन स्त्रियांना होतो आणि त्याचा दारूशी काडीचाही संबंध नाही. आपल्या घरातही असे कोणी असेल, तर अहवाल त्यांच्या हाती देण्यापूर्वी एवढे सांगून ठेवावे.

चेहऱ्यावरील काळे डाग बहुधा ऊन किंवा संप्रेरकांमुळे येतात. त्यासाठी यकृत ‘साफ’ करणारे काढे घेऊ नयेत, कारण काही वनौषधींनी यकृतालाच इजा होते. छातीवर किंवा गळ्यावर कोळ्याच्या पायांसारखे फाटे असलेले लाल ठिपके असतील, जे मधोमध दाबल्यावर फिके पडतात आणि बोट उचलताच मध्यातून पुन्हा भरतात, तर ते अवश्य दाखवावेत. असे एक-दोन ठिपके निरोगी माणसालाही असतात.

मला कोलेस्टायरामीन या, पित्ताम्ले (पित्तातील आम्ले) आतड्यात बांधून ठेवणाऱ्या औषधाच्या पुडीने आराम पडला. ती डॉक्टरांनी दिली तरच घ्यावी, आणि इतर औषधे तिच्या किमान एक तास आधी किंवा चार ते सहा तासांनंतर घ्यावीत. अशी खाज मूत्रपिंड, थायरॉइड किंवा लोहाच्या कमतरतेमुळेही येते, म्हणून केवळ माझ्या अनुभवावरून निष्कर्ष काढू नये. आपण गरोदर असाल, तर मात्र वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना सांगून रक्तातील पित्ताम्लांची तपासणी करून घ्यावी, कारण ती वाढलेली असतील तर बाळाला धोका असू शकतो.