पंख्याचे जुने-नवे रेग्युलेटर जमवले आहेत. त्यांची तुलना कशी करावी?
सर्व रेग्युलेटर आळीपाळीने एकाच पंख्याला जोडावेत आणि प्रत्येक टप्प्यावर वॅटमीटरचा आकडा टिपावा. बेकेलाइटच्या जुन्या, जाड पेटीत चिनी मातीवर गुंडाळलेली रोधतार असते. पंखा मंद केला की विजेचा मोठा भाग तिच्यात उष्णता होऊन वाया जातो, म्हणून पेटी हाताला गरम लागते आणि बिलात फारसा फरक पडत नाही. ट्रायॅकचा (प्रवाह झटपट चालू-बंद करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक भागाचा) रेग्युलेटर वीज वाचवतो, परंतु तो प्रवाहाची लहर कापत असल्यामुळे मंद वेगात पंखा गुणगुणतो. टप्प्याटप्प्याने फिरणारा कपॅसिटरचा रेग्युलेटर मला सर्वांत चांगला वाटतो, कारण तो फारसा तापत नाही आणि पंख्याचा आवाजही वाढवत नाही. संग्रहात मात्र जुन्या पेटीचेच मोल अधिक. बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी मोटरच्या) पंख्याला यांपैकी काहीही जोडू नये.