विचारा बिनधास्त : ऑस्टिनचा हायवे खड्ड्यात चाललाय म्हणे?

मागच्या अंकात अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरातून जाणाऱ्या आय-३५ या हायवेवर मी सहज दोन ओळी लिहिल्या काय, आणि तुमच्या प्रश्नांनी इनबॉक्स भरला. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, पाच निवडलेत.

ताई, मुलगा ऑस्टिनच्या उत्तरेला राउंड रॉकला राहतो आणि ऑफिस डाउनटाउनला. रोज फोनवर एकच, "आई हायवेवर अडकलोय, नंतर बोलतो." आता तो रस्ता रुंद करतायत म्हणे. काम झालं की ट्रॅफिक सुटेल ना? तिकडेच मोठं घर बघतोय तो. — एक आई, कोथरूड

काकू, खरं सांगू का, नाही सुटणार. म्हणजे पहिली एक-दोन वर्षं बरं वाटेल, पण त्या भरवशावर घर घेऊ नका. आधी काम किती आहे बघा, उत्तरेला हायवे २९० पासून दक्षिणेला बेन व्हाइट रस्त्यापर्यंत साधारण ८ मैल, खर्च ४.५ अब्ज डॉलर, सुरुवात २०२४ च्या शेवटी आणि संपणार २०३३ च्या आसपास, म्हणजे नातू आत्ता केजीत असेल तर तो मिडल स्कूलला जाईस्तोवर खोदकामच. आणि इथूनच अडीच-तीन तासांवर ह्यूस्टनला केटी फ्रीवे आहे, २००८ मध्ये २.८ अब्ज डॉलर घालून तो एवढा रुंद केला की सगळ्यात रुंद ठिकाणी बाजूचे फ्रंटेज रोड (म्हणजे आपले सर्व्हिस रोड) धरून २६ लेन होतात, आणि थोड्याच वर्षांत संध्याकाळी घरी जायला आधीपेक्षा जास्त वेळ लागायला लागला. कारण साधंय, रस्ता मोकळा दिसला की जो सहाला निघायचा तो आठला निघतो, जी बाई बसने जायची ती गाडी काढते, आणि बिल्डर अजून दहा मैल लांब स्कीम टाकतो. आपल्याकडे फ्लायओव्हर झाला की वर्षभरात तोच तुंबतो, तसंच.

एक गोष्ट मात्र चांगली. दोन्ही दिशांना ज्या दोन-दोन नव्या लेन होतायत त्या एचओव्ही आहेत, म्हणजे बस आणि एकापेक्षा जास्त माणसं असलेल्या गाड्यांसाठी, आणि टोल नाही. मुलाने ऑफिसातला कोणी सोबती धरला तर त्याला फायदा होईल. एकटाच जाणार असेल तर मात्र घर लहान चालेल पण जवळ घ्या.

रस्ता जमिनीखाली घेणार असं वाचलं. पावसात काय करणार? आमच्याकडे मिलन सबवेचं दर जून-जुलैत काय होतं ते बघतोच. — एक वाचक, सांताक्रूझ

हा प्रश्न मुंबईकरच विचारू शकतो! आधी एक, तो बोगदा नाहीये. मधल्या भागातल्या मेन लेन खोल चरासारख्या खाली जाणार, वर आकाश उघडं, आणि आडवे जाणारे शहराचे रस्ते जमिनीच्या पातळीवर पुलावरून. आणि हो, ऑस्टिनचा पाऊस म्हणजे गंमत नाही, एका रात्रीत नाले नदीसारखे होतात. म्हणून खाली वेगळे मोठे ड्रेनेजचे बोगदे खोदतायत, ते पाणी शहराच्या पूर्वेला नेऊन पंपाने कोलोराडो नदीत सोडायचं असा प्लॅन आहे. (ही टेक्सासची कोलोराडो, ग्रँड कॅन्यनवाली वेगळी. माझे सासरे अजून गल्लत करतात.) लोकांचं सगळं लक्ष लेनवर, पण माझ्या मते या कामातला सगळ्यात अवघड भाग हाच आहे.

नवरा म्हणतो की या हायवेला विरोध करणारे सगळे विकासविरोधी. पण ईस्ट साइडची माझी एक सहकारी नुसतं नाव काढलं तरी चिडते. नक्की काय भानगड आहे? — वाचक, सीडर पार्क

नवऱ्याला हे उत्तर वाचायला द्या. आज जिथे आय-३५ आहे तिथे पूर्वी ईस्ट अ‍ॅव्हेन्यू नावाचा रस्ता होता, चांगला रुंद, मधोमध गवताचा पट्टा आणि झाडं. १९२८ मध्ये शहराचा मास्टर प्लॅन झाला, त्यात काळ्या लोकांसाठी शाळा, पार्क वगैरे सोयी फक्त या रस्त्याच्या पूर्वेलाच द्यायच्या असं सुचवलं. कोणाला जबरदस्तीने उचलून नेलं नाही, पण मुलांना शाळाच नाही म्हटल्यावर माणूस कुठे राहणार? क्लार्क्सव्हिल, व्हीटव्हिल अशा पश्चिमेकडच्या त्यांच्या जुन्या वस्त्या हळूहळू रिकाम्या होत गेल्या. गावकुसाबाहेरची वस्ती म्हणजे काय हे आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको.

मग १९६२ मध्ये त्याच ईस्ट अ‍ॅव्हेन्यूवर हायवे झाला. जी रेघ कागदावर होती ती काँक्रीटची झाली. पुढे सत्तरच्या दशकात युनिव्हर्सिटीजवळच्या भागात वर अजून एक मजला चढवला, त्याला अप्पर डेक म्हणतात. मी नवीन होते तेव्हा एकदा खालून चालत पलीकडे गेले होते, साधा एक रस्ता ओलांडायचा तर आधी फ्रंटेज रोडचा सिग्नल, मग खांबांमधला अंधार, डोक्यावर जॉइंटवरून ट्रक गेला की धडाड-धडाड, मग परत दुसरा फ्रंटेज रोड. शेजारून आलेली बाई म्हणाली, इथून चालत कोणी येत नाही गं. पलीकडे होतं काय, तर एक ग्रोसरीचं दुकान.

आता तो डेक पाडणार, ही चांगलीच गोष्ट. पण रुंदी वाढवायची म्हणून शंभराहून जास्त घरं-दुकानं जाणार आहेत. म्हणजे ज्यांना एकदा रेघेपलीकडे ढकललं, त्यांच्याच बाजूला परत मोजपट्टी लागली, म्हणून ती चिडते.

आणि वाढत्या शहराला रस्ता नको का, हा नवऱ्याचा पुढचा मुद्दा असणारच. १९६० च्या जनगणनेत ऑस्टिन १ लाख ८६ हजारांचं होतं, २०२० मध्ये ९ लाख ६१ हजारांचं झालं. रस्ता हवाच, पण तो शहराच्या पोटातूनच एवढा रुंद हवा का, भांडण त्यावर आहे.

पुण्यात विद्यापीठ चौकातले पूल २०२० मध्ये सरळ पाडले. तिकडे का नाही पाडत? — एक पुणेकर, अर्थातच

पाडतात की! सॅन फ्रान्सिस्कोत १९८९ च्या भूकंपात एम्बार्काडेरो फ्रीवे खिळखिळा झाला, १९९१ मध्ये तो पाडला, आता तिथे समुद्राकाठी लोक फिरतात. ऑस्टिनमध्येही रीथिंक ३५ नावाचा गट हेच म्हणत होता, शहरातून साधा बुलेव्हार, म्हणजे झाडं आणि सिग्नल असलेला शहरी रस्ता, करा आणि लांबचे ट्रक पूर्वेच्या १३० नंबरच्या हायवेवरून वळवा. पण १३० ला टोल. त्याच्या दक्षिणेच्या तुकड्यावर ताशी ८५ मैलांची मुभा आहे, अमेरिकेतली सगळ्यात जास्त, तरी फुकटचा रस्ता सोडून तिकडे जाणार कोण. शिवाय आय-३५ वरच्या बहुतेक गाड्या शहरातल्या शहरातच फिरणाऱ्या असतात, त्यामुळे नुसते ट्रक वळवूनही पुरलं नसतं. आणि हो, विद्यापीठ चौकातला पूल पाडून तुम्ही परत पूलच बांधलात, तोही डबल डेकर, तेव्हा जरा हळू.

त्या चरावर बागा होणार असं ऐकलं. खरंच का? — वाचक, ऑस्टिन

थोड्या. त्याला इथे कॅप म्हणतात, म्हणजे चरावर स्लॅब टाकायचा आणि वर बाग, मैदान करायचं. डॅलसला क्लाइड वॉरन पार्क असाच हायवेच्या डोक्यावर आहे, २०१२ पासून, मुलांना घेऊन जरूर जा. पण ऑस्टिनला गंमत अशी की चर राज्य सरकार खोदणार आणि झाकणाचे पैसे शहराने द्यायचे. केंद्राने २०२४ मध्ये साडेदहा कोटी डॉलर जाहीर केले होते, २०२५ मध्ये ते काढून घेतले. मे २०२५ मध्ये शहराच्या कौन्सिलने हात आखडता घेऊन डाउनटाउनच्या मोजक्याच ब्लॉक्सच्या कॅपच्या आधाराचे पैसे मंजूर केले. पाया आत्ताच घातला नाही तर नंतर स्लॅब टाकणं फार महागात जातं, त्यामुळे जिथे आज नाही म्हटलंय तिथे चर उघडाच राहील असं मला वाटतं. मला विचाराल तर दोन लेन कमी करून एक कॅप जास्त घेतली असती, पण मला कोणी विचारत नाही.

आणि ज्या तीन-चार जणांनी आई-बाबांना एअरपोर्टवरून राउंड रॉकला कसं आणायचं ते विचारलंय, त्यांच्यासाठी : रात्रीचं विमान असेल तर लेन बंद असण्याची शक्यता जास्त, हायवे ७१ वरून १३० धरा, टोल पडू दे. मी मागच्या खेपेला टोल वाचवायला गेले आणि बावीस तासांच्या प्रवासानंतर बाबा गाडीत अजून सव्वा तास बसले. आई झोपली होती म्हणून वाचले.