दूरचित्रवाणीवरील प्रश्नमंजूषेचा खेळ प्रथमच चालवताना

दूरचित्रवाणीवरील प्रश्नमंजूषेवर बेतलेला, चाहत्यांनी बनवलेला संगणकीय खेळ आपण उतरवून घेतला, पण तो उघडताच बंद पडतो, असे आपण लिहिले आहे; ते वाचून मला मुळीच आश्चर्य वाटले नाही. सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत घरी जमणाऱ्या मुलांसाठी मी असे चाहत्यांनी बनवलेले मोफत खेळ अनेक वर्षे चालवतो आहे आणि सुरुवातीची चूक बहुधा एकच असते: झिप फाइल (अनेक फाइली एकत्र दाबून बांधलेले गाठोडे) न उलगडता, म्हणजे आतल्या फाइली बाहेर न काढता, तिच्या आतूनच खेळ सुरू करणे. तसे केल्यास विंडोज केवळ मुख्य फाइल तात्पुरत्या जागी काढते, त्यामुळे प्रश्नांच्या व आवाजाच्या फाइली खेळाला सापडत नाहीत. म्हणून प्रथम संपूर्ण फोल्डर उलगडा.

एवढ्याने भागले नाही, तर पुढील गोष्टी पाहा.

१. फोल्डर 'प्रोग्रॅम फाइल्स' या विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवू नका. तेथे लिहिण्याची परवानगी नसल्याने गुण जतन होत नाहीत.

२. अनोळखी निर्मात्याबद्दल इशारा आल्यास फाइल मूळ निर्मात्याकडूनच घेतली आहे ना, याची खात्री करा. अँटिव्हायरस मात्र बंद करू नका.

३. स्वतःचे मराठी प्रश्न नोटपॅडमध्ये लिहिल्यास यूटीएफ-८ (देवनागरीसह सर्व लिप्यांची अक्षरे साठवणारी पद्धत) निवडूनच जतन करा, अन्यथा अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हे उमटतील. खेळासोबत आलेल्या प्रश्नांच्या मूळ फाइलची प्रतही आधी काढून ठेवा.

प्रश्न लिहिताना तारखा तपासून घ्या: दूरदर्शनवरील मालिकांपैकी 'रामायण' २५ जानेवारी १९८७ रोजी सुरू झाले, 'महाभारत' २ ऑक्टोबर १९८८ रोजी, या दोहोंत गल्लत फार होते आणि चुकीच्या उत्तरामुळे जाणकार मूल हिरमुसते. पडद्याचा आकार व आवाजाचे बारकावे सध्या बाजूला ठेवा. आधी दहाच प्रश्नांचा एक डाव पूर्ण खेळून पाहा.