स्थानबद्धतेच्या पहिल्या याचिकेआधी

प्रिय,

काल फोनवर तू घाईत होतीस, म्हणून सविस्तर लिहितोय. एमपीडीए, म्हणजे धोकादायक कृत्यं रोखण्यासाठी खटल्याविना स्थानबद्ध करण्याचा महाराष्ट्राचा कायदा, त्याखालची तुझी ही पहिलीच याचिका. आशिलाची आई रोज ऑफिसात येऊन बसते, आणि कुणीतरी तुला सांगितलंय की ‘कागदपत्रं पुरवली नाहीत’ हा मुद्दा टाकला की आदेश उडतो. मुद्दा बळकट आहे यात शंका नाही. पण नुसता टाकून तो चालत नाही. कोर्टाला पानावर बोट ठेवून दाखवावा लागतो, आणि त्यासाठी आधी सगळा गठ्ठा वाचून काढावा लागतो.

आधी हे लक्षात घे की तुझ्या आशिलाकडे काय काय नाही. त्याच्यावर या आदेशापुरता खटला नाही, दोषारोप नाही, साक्षीदाराची उलटतपासणी नाही. याला रोखायला हवं, असं पोलीस आयुक्तांचं किंवा जिल्हादंडाधिकाऱ्यांचं समाधान झालं की माणूस आत, तेही बारा महिन्यांपर्यंत. आदेश तपासणाऱ्या सल्लागार मंडळापुढे तुला त्याच्या बाजूनं उभं राहण्याचा हक्क नाही. १९८१ च्या ए. के. रॉय निकालानं वकील नसलेल्या एखाद्या मित्राची मदत घेण्याची मुभा दिली. मग उरतं ते राज्यघटनेतलं अनुच्छेद २२(५): स्थानबद्धतेची कारणं लवकरात लवकर कळवा आणि आदेशाविरुद्ध निवेदन करण्याची संधी द्या. सप्टेंबर १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांनी घटना समितीत अनुच्छेद २२ मांडला, तेव्हा तो १५-अ होता. जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या अनुच्छेद २१ मध्ये ‘कायद्याने ठरवलेली कार्यपद्धती’ एवढंच संरक्षण राहिल्यामुळे झालेलं नुकसान थोडं तरी भरून निघावं, हा त्यामागचा हेतू होता. म्हणून या मुद्द्याला कुणी ‘तांत्रिक’ म्हणालं तर ते मान्य करू नकोस. ज्या कागदांवर कारणं उभी आहेत तेच हातात नसतील, तर कोठडीतल्या माणसानं निवेदनात लिहायचं काय?

१९८० चा इच्छू देवी चोरारियांचा निकाल मुळातून वाच, सारांशावर भागवू नकोस. प्रकरण महाराष्ट्र सरकारच्या कोफेपोसा आदेशाचं, म्हणजे तस्करीविरोधी स्थानबद्धता कायद्याखालच्या आदेशाचं होतं. कागदपत्रं आणि ध्वनिफिती कारणांसोबत न देता मागाहून दिल्या होत्या. न्या. भगवतींनी म्हटलं की ज्या सामग्रीवर भिस्त ठेवली ती कारणांचाच भाग आहे, तेव्हा तीही कारणांच्याच मुदतीत मिळाली पाहिजे. एमपीडीएच्या कलम ८ मध्ये ती मुदत पाच दिवसांची आहे. स्थानबद्धता कायदेशीर आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची, हेही तिथेच आहे. तस्करीनं देशाचं किती नुकसान होतं याचं भान त्या निकालात पुरेपूर आहे, आणि तरीही माणूस सोडला आहे. तुझा आशील काही धुतल्या तांदळासारखा नसेल. त्यानं तुझ्या युक्तिवादात काहीच फरक पडत नाही.

आता अडचणीची जागा. सरकारी वकील म्हणतील, ‘या कागदाचा फक्त उल्लेख आहे, त्यावर आम्ही विसंबलेलो नाही.’ या बाबतीत निकाल दोन्ही बाजूंना आहेत. उम्मू सलीमा (१९८१) म्हणतो की जाता जाता उल्लेखलेला प्रत्येक कागद द्यायलाच हवा असं नाही. १९९९ चा पोवनम्मल निकाल फरक नीट उलगडतो: भिस्त ठेवलेला कागद दिला नाही तर तेवढ्यानंच आदेश कोसळतो, पण नुसता उल्लेख असेल तर बाधा काय झाली हे तुला दाखवावं लागतं. म्हणून कारणांतला तो परिच्छेद घे आणि विचार, हा कागद काढून घेतला तर परिच्छेद उभा राहतो का? राहत नसेल तर ती भिस्तच. नेमकं तेच वाक्य याचिकेत उतरव. ‘अनेक कागदपत्रे देण्यात आली नाहीत’ असं मोघम लिहिलंस, तर उत्तरही तितकंच मोघम येईल.

गठ्ठा टेबलावर घेऊन बस. एका बाजूला कारणं, दुसऱ्या बाजूला कागदपत्रांची यादी, मध्ये आशिलाला तुरुंगात मिळालेली प्रत. त्याचीच प्रत हवी. सरकारनं कोर्टात लावलेली प्रत पुष्कळदा जास्त स्वच्छ असते आणि खरा फरक तिथेच सापडतो. वैद्यकीय दाखल्याची झेरॉक्स इतकी काळी असते की जखम डाव्या हातावर की उजव्या, ते कळत नाही. पंचनाम्याचं मागचं पान गायब असतं. सीसीटीव्हीचा उल्लेख असतो आणि सोबत धूसर छायाचित्र एकच. न वाचता येणारी प्रत म्हणजे न दिलेली प्रत, असं ठामपणे मांड. मग पोचपावती बघ: तारीख कोणती, किती पानं मिळाली म्हणून सही घेतलीय, सही आहे की अंगठा.

गोपनीय साक्षीदारांचे इन कॅमेरा, म्हणजे बंद दाराआड घेतलेले जबाब सगळ्यात सावकाश वाच. नावं झाकण्याबद्दल भांडू नकोस, जनहितासाठी काही गोष्टी न सांगण्याची मुभा २२(६) मध्येच आहे. पण जबाबांची पडताळणी वरिष्ठ अधिकाऱ्यानं केली का, तसा शेरा आशिलाच्या प्रतीवर आहे का, त्याखाली तारीख आहे का आणि ती स्थानबद्धतेच्या प्रस्तावाच्या आधीची आहे का, हे तपास. शेरा मूळ कागदावर आहे आणि आशिलाच्या प्रतीवर नाही, असं निघालं तर तुझा सगळ्यात भक्कम मुद्दा तोच.

भाषेचा मुद्दाही विसरू नकोस. हरिकिसन हे नागपूरचं प्रकरण, निकाल १९६२ चा. त्या माणसानं हिंदीत कारणं मागितली होती आणि सरकार म्हणत होतं की इंग्रजी कारणं तोंडी समजावून सांगितली. सर्वोच्च न्यायालयाला ते पटलं नाही. तुझा आशील मराठी वाचतो की फक्त उर्दू, हे त्याच्या आईला आजच विचार. मुलाखतीला गेलीस की त्याच्याकडून एक पान वाचून घे.

जामिनाचा अर्ज आणि आदेश वेगळे काढून ठेव. अहमदकुट्टी (१९९०) नुसार ती महत्त्वाची सामग्री आहे. ती अधिकाऱ्यापुढे ठेवलीच नसेल तर समाधान अपुरं, ठेवली असेल आणि आशिलाला दिली नसेल तर निवेदनाचा हक्क बाधित. सरकारच्या प्रतिज्ञापत्रात यातलं नेमकं काय कबूल केलंय ते शब्दाशब्दाला पाहा. आशिलाच्या कृत्यांनी सार्वजनिक सुव्यवस्था बिघडली की तो साधा कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न, हा मुद्दाही घे, पण त्यावरचे निकाल तुला सहज मिळतील, म्हणून इथे लांबवत नाही.

एक काम मात्र उद्याच्या उद्या कर. निवेदन तयार कर आणि त्यात नसलेले कागद नावानिशी माग. जसीला शाजी प्रकरणात (२०२४, केरळमधला कोफेपोसा आदेश) सर्वोच्च न्यायालयानं भिस्त ठेवलेले जबाब दिले नाहीत म्हणून आदेश रद्द केला, आणि तुरुंगातून साध्या टपालानं पाठवलेल्या निवेदनाच्या हेळसांडीवरही कडक बोट ठेवलं. तेव्हा आशिलाची सही घेऊन अधीक्षकांकडे दे, आवक शिक्का घे, आणि एकेक प्रत गृह विभागाला आणि आदेश काढणाऱ्या अधिकाऱ्याला स्पीड पोस्टानं पाठव. पावत्या याचिकेला जोड.

आणि त्याच्या आईला खोटी आशा दाखवू नकोस. आदेश रद्द झाला तरी मूळ गुन्हे चालूच राहतील, जामिनाच्या अटी पाळाव्या लागतील, नव्या घटना घडल्या तर नवा आदेशही निघू शकतो. हे तिला तू स्वतः समजावून सांग, कारकुनावर सोपवू नकोस. कारणं, यादी आणि पोचपावती रविवारी संध्याकाळपर्यंत मला पाठव, आपण दोघं मिळून एकदा ताडून पाहू.

तुझा,
सर